माजी विद्यार्थी

गेल्या वर्षी माझ्या जुन्या शाळेचे एक छापील पत्रक टपालाने आले. शाळेचा अमृतमहोत्सव व्हावयाचा होता. त्यानिमित्त चालकांनी एक स्मरणिका काढण्याचे योजिले होते आणि तीत 'शाळेचे नामवंत माजी विद्यार्थी' असा एक स्वतंत्र विभाग असणार होता. माहिती भरून पाठविण्यासाठी पत्रकात रकाने आखलेले होते : नाव, शालान्त परीक्षेचे वर्ष, पुढील शिक्षण, हुद्दा आणि अखेरीस 'प्राप्त झालेले मानसन्मान'. शेवटचा रकाना कोरा ठेवण्यास मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. हुद्द्याच्या रकान्यापाशी मात्र मी अडलो. मी केंद्र सरकारच्या एका कचेरीत उच्च श्रेणी लिपिक आहे. हे तीन शब्द लिहावयास श्रम पडतात असे नाही. रोज कितीतरी कागदांवर मी ते लिहीत असतो. पण 'नामवंत' या मथळ्याखाली ते कसे दिसतील हा विचार मनात आला आणि लेखणी थांबली. अखेर मी त्या जागी 'भारत सरकार, देहरादून' एवढेच लिहिले. त्यात खोटे काही नव्हते.

स्मरणिका आली. माझ्या नावापुढे 'केंद्र सरकारात अधिकारी' असे छापलेले होते. संपादकांनी आपल्या परीने रिकामी जागा भरून काढली होती. चुकीची दुरुस्ती कळविणे हे माझे काम होते. ते मी केले नाही. त्या गोष्टीला आता सात महिने झाले.

प्रसंग क्षुल्लक आहे हे मी जाणतो. परंतु त्याने मला एका प्रश्नाशी आणून सोडले आणि ज्या गावी माझी सध्या नेमणूक आहे त्या गावात तो प्रश्न टाळणे कठीण आहे. कचेरीला जातायेता मी चांदबागेच्या कुंपणाजवळून जातो. आत जुने, डेरेदार वृक्ष आहेत आणि त्यांच्या मागे दून स्कूल आहे. ज्या वाचकांची बदली कधी देहरादूनला झाली असेल त्यांना हे कुंपण आठवेल. ज्यांची झाली नसेल त्यांनीही या शाळेचे नाव ऐकले असणारच, कारण ते नाव बहुधा तिच्या माजी विद्यार्थ्यांच्या नावांबरोबरच ऐकू येते.

ही शाळा कलकत्त्याचे बॅरिस्टर सतीशरंजन दास यांच्या मनात जन्मली. देशबंधू चित्तरंजन दास यांचे हे चुलतबंधू. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते कायदे सदस्य होते. इंग्लंडातील निवासी शाळांच्या धर्तीवर, परंतु कोणत्याही जातिधर्माच्या हिंदी मुलाला खुली अशी शाळा येथे असावी, असा त्यांचा ध्यास होता. १९२८ साली त्यांचे निधन झाले. शाळा त्यांना दिसली नाही. चांदबागेत त्यापूर्वी वनसंशोधन संस्था होती. ती १९२९ साली शहराबाहेरच्या विस्तीर्ण नव्या वास्तूत गेली आणि १९३५ च्या सप्टेंबरात त्या रिकाम्या झालेल्या जागेत शाळा सुरू झाली. पहिले मुख्याध्यापक आर्थर फूट हे ईटन येथे विज्ञान शिकवीत असत. आपल्या मुलांनी अभिजन म्हणूनच बाहेर पडावे, परंतु ते अभिजनत्व धनाचे अथवा अधिकाराचे नसून सेवेचे असावे, अशा आशयाचे त्यांचे सांगणे होते. ते आजही तेथे आदराने उद्धृत केले जाते.

आणि मग ती यादी. पंतप्रधान राजीव गांधी. काश्मीरचे युवराज आणि पुढे केंद्रीय मंत्री झालेले करणसिंह. ओडिशाचे मुख्यमंत्रिपद २००० पासून २०२४ पर्यंत भूषविणारे नवीन पटनायक. पंजाबचे दोन वेळा मुख्यमंत्री झालेले अमरिंदर सिंग. कादंबरीकार विक्रम सेठ व अमिताव घोष. इतिहासकार रामचंद्र गुहा. शिल्पकार अनीश कपूर. ऑलिंपिकमध्ये भारताला २००८ साली पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून देणारे नेमबाज अभिनव बिंद्रा. मी ही यादी येथेच थांबवितो. आणखी तितकीच नावे सहज देता येतील आणि एवढ्या लहान शाळेची एवढी मोठी यादी पाहून कोणीही स्तिमित व्हावे हे स्वाभाविक आहे.

प्रश्न असा की, या यादीने नेमके काय सिद्ध होते? शाळा जेव्हा 'हे आमचे' असे म्हणते, तेव्हा ती काय म्हणत असते?

पहिली शंका कोणाच्याही मनात येईल. करणसिंह हे राजपुत्र होते. १९४९ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते राज्याचे कारभारी झाले. चांदबागेऐवजी ते अन्य कोठे शिकले असते तर ते कारभारी झाले नसते काय? राजीव गांधी शाळेत आले तेव्हा त्यांचे आजोबा देशाचे पंतप्रधान होते. अमरिंदर सिंग पतियाळाच्या घराण्यातले, नवीन पटनायक बिजू पटनायकांचे पुत्र. या शाळेची एका वर्षाची फी आज माझ्यासारख्याच्या एका वर्षाच्या संपूर्ण वेतनाहून अधिक आहे. ज्या घरांतून ही मुले येतात त्या घरांत यशाची निम्मी वाट आधीच फरसबंद झालेली असते. पेठेत सर्वांआधी जाऊन निवडक हापूसच्या पेट्या उचलणाऱ्या व्यापाऱ्याने, आपल्या अढीत आंबे फार गोड पिकतात अशी प्रौढी मिरवावी, तसाच हा काहीसा प्रकार. अढीचाही गुण असेल. नाही असे मी म्हणत नाही. पण तो किती हे सांगावयाचे तर त्याच अढीत बाठा आंबा घालून पाहिला पाहिजे.

मात्र ही शंका घेऊन थांबणे सोपे आहे, आणि आम्हां कनिष्ठ वेतनश्रेणीतल्या माणसांना तर ते सुखकरही आहे. म्हणून तिच्या विरुद्ध जाणारे एक उदाहरण मी मुद्दाम शोधले.

नरेंद्रधर जयाल हे नाव आज फारसे कोणाला ठाऊक नाही. चांदबागेच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी ते एक. त्या काळी शाळेत होल्ड्सवर्थ, मार्टिन आणि गिब्सन हे तीन इंग्रज शिक्षक होते आणि तिघांनाही हिमालयाचे वेड होते. होल्ड्सवर्थ तर १९३१ साली कामेट शिखरावर जाऊन आलेले. त्या माथ्यावर बसून त्यांनी आपला पाइप ओढला होता. पुढे गुरदयाल सिंग हे त्यांना येऊन मिळाले. १९५१ साली त्रिशूळावरची मोहीम त्यांनी नेली आणि स्वतः माथा गाठला. ही माणसे सुट्टी लागली की मुलांना घेऊन डोंगरांत जात. तेथे तंबू ठोकणे, ओझे वाहणे, थंडीत काकडणे, माथा डोळ्यांसमोर असता हवामान बिघडले म्हणून मुकाट्याने माघारी फिरणे हे सारे शिक्षक आणि विद्यार्थी बरोबरीने करीत. जयाल १९४६ साली आपल्या शिक्षकांसमवेत बंदरपूंछच्या चढाईस गेले. त्या मोहिमेत तेनसिंगही होते. पुढे ते सैन्यात अधिकारी झाले आणि १९५४ साली दार्जिलिंगला पर्वतारोहणाची संस्था स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले प्राचार्य झाले. १९५८ साली चो ओयूच्या मोहिमेत, ऐन उमेदीत, त्यांचा अंत झाला.

येथे कार्यकारणभाव डोळ्यांना दिसतो. शिक्षक कोण, पर्वत कोणता, मुलगा कोणता आणि त्याच्यात काय उतरले, हे बोट ठेवून दाखविता येते. वडिलांची श्रीमंती माणसाला शिखरावर नेत नाही. शाळेने 'हा आमचा' असे जयालांविषयी म्हटले तर तिच्या त्या म्हणण्याला अर्थ आहे. परंतु हेही ध्यानात घेतले पाहिजे की, ज्याने त्या मुलाला घडविले ती 'शाळा' या अमूर्त नावाची वस्तू नव्हती. ती तीन-चार माणसे होती आणि रविवारी आपल्या घरी स्वस्थ पडून राहण्यापेक्षा मुलांबरोबर चढण चढणे त्यांना अधिक आवडत होते.

आपल्याकडचे उदाहरण घ्यावयाचे तर पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचे घ्यावे. १८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी टिळक आणि नामजोशी यांच्या साहाय्याने ती खाजगी शाळा काढली. आगरकर पाठोपाठ येऊन मिळाले. या शाळेचा विषय निघाला की आपण तिच्या विद्यार्थ्यांची यादी म्हणत बसत नाही. तेथे कोण शिकवीत होते आणि काय सोडून शिकवीत होते, तेच आठवतो. शाळेच्या अभिमानाचा हा एक निराळा प्रकार आहे आणि मला तो अधिक सरळ वाटतो. देणाऱ्याने काय दिले हे त्यात मोजले जाते. घेणाऱ्याने पुढे त्याचे काय केले, हा हिशेब त्यात नसतो.

आता याच्या उलट बाजूचे एक उदाहरण. १९९२ साली दून स्कूलच्या संस्थापक-दिनाला विक्रम सेठ यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलाविले होते. अशा प्रसंगी काय बोलावयाचे असते हे आपणां सर्वांना पाठ आहे. सेठ यांनी शाळेचे ऋणही मानले. पण त्याचबरोबर त्यांनी स्पष्ट सांगितले की, येथील सहा वर्षांत आपण भयंकर एकाकी होतो. अभ्यासाची आणि वाचनाची गोडी, खेळांविषयी अनास्था यांपायी मुले त्यांची टर उडवीत, त्यांना छळीत. पुढे कित्येक वर्षे तो काळ मनातून पुसून टाकण्याचाच त्यांचा प्रयत्न होता. समोर शाळेचा सारा परिवार बसलेला, आणि यादीतले अग्रगण्य नाव उभे राहून हे बोलत आहे. मला त्या भाषणाचे धैर्य वाटते, आणि ज्या शाळेत ते करता आले त्या शाळेविषयीही थोडा आदर वाटतो.

पण मग येथे श्रेय कशाचे? शाळेने त्यांना इंग्रजी दिले, ग्रंथालय दिले, साप्ताहिकाचे संपादकत्व दिले. आणि एकाकीपणही दिले. कादंबरी लिहिण्यास यांपैकी कोणते अधिक उपयोगी पडते हे कोणी सांगावे? फूट ज्या ईटनहून आले त्या ईटनविषयीही अशीच एक कथा आहे. वॉटर्लूची लढाई ईटनच्या क्रीडांगणावर जिंकली गेली, असा उद्गार ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नावावर जगभर खपतो. त्याने तो काढल्याला काही आधार सापडत नाही. आधार सापडतो तो इतक्याच गोष्टीला की, ईटनमध्ये तो एकलकोंडा आणि दुःखी होता आणि लवकरच तेथून बाहेर पडला. शाळेने ज्याच्याकडे दुर्लक्ष केले त्याच्याच तोंडी पुढे शाळेची स्तुती घातली गेली. छळलेल्या मुलाचे यश हे छळाचे समर्थन म्हणून वापरता येते, ही या याद्यांतली मला सर्वांत अधिक खटकणारी गोष्ट आहे. ज्याला छळ सोसला नाही आणि जो त्याखाली कायमचा वाकला, तो भाषण करावयास येत नाही.

आपल्या परंपरेत या विषयाचा विचार कोणत्याही शाळेपूर्वी झालेला आहे. द्रोणाचार्यांच्या माजी विद्यार्थ्यांची यादी करावयास बसले तर काय होईल? अर्जुन पहिला, हे कोणीही सांगेल. पण त्याच पटावर दुर्योधन आहे, दुःशासन आहे. रात्री झोपलेल्यांची कत्तल करणारा अश्वत्थामा तर विद्यार्थीही आणि पुत्रही. आचार्यांचा वध करण्यासाठीच ज्याचा जन्म, त्या धृष्टद्युम्नाला अस्त्रविद्या कोणी शिकविली? द्रोणांनीच. कुरुक्षेत्रावर दोन्ही बाजूंनी उभे होते ते बहुतेक एकाच गुरुकुलातले होते. महाभारतकाराने ही यादी गाळली नाही, हा त्याचा मोठेपणा. गुरूच्या विद्येचे काय होते हे त्याला पाहावयाचे होते. गुरूचा सत्कार करावयाचा नव्हता.

२०२० च्या मार्चमध्ये भोपाळचे सरकार पडले तेव्हा मला याची आठवण झाली. मुख्यमंत्री कमलनाथ हे दून स्कूलचे, आणि आपल्या समर्थक आमदारांसह बाहेर पडून ज्यांनी ते सरकार खाली आणले ते ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातले ज्योतिरादित्य हेही दून स्कूलचेच. यांपैकी कोणाची बाजू योग्य होती हा राजकारणाचा प्रश्न आहे आणि सरकारी नोकराने त्यात पडू नये. मला एवढेच विचारावयाचे आहे की, सेवेचे अभिजनत्व म्हणून जे शिकविले गेले ते त्या आठवड्यात कोणाच्या पदरी होते? दोन्ही नावे एकाच यादीत सुखाने नांदतात, कारण यादी कर्म विचारीत नाही, पद विचारते.

याहून कठीण उदाहरण संजय गांधींचे. तेही काही काळ चांदबागेत होते. शिक्षण तेथे पुरे न करता बाहेर पडले. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात, कोणतेही शासकीय पद नसता, त्यांच्या हाती केवढी सत्ता होती आणि सक्तीच्या नसबंदीत सामान्य माणसांचे काय झाले, हे शहा आयोगाच्या अहवालात नमूद आहे. कोणी म्हणेल, ते तर शाळा मध्येच सोडून गेले. त्यांच्या कृत्यांशी शाळेचा काय संबंध? ठीक. परंतु अभिनव बिंद्राही तेथे काही काळच होते. पुढे ते चंदीगडच्या शाळेत गेले आणि त्यांची नेमबाजी घडली ती वडिलांनी घरीच बांधून दिलेल्या नेमबाजीच्या जागेत. दोघेही मध्येच गेलेले. यांतले कोणते नाव गौरवाने घेतले जाते हे सांगावयास नको. अपुरा सहवास यशाच्या वेळी पुरेसा ठरतो आणि अपयशाच्या वेळी अपुरा, अशी ही मापे आहेत. माझे म्हणणे शाळेने संजय गांधींचा दोष आपल्या माथी घ्यावा असे मुळीच नाही. ज्या न्यायाने ती तो दोष नाकारते त्याच न्यायाने तिने सुवर्णपदकही नाकारले पाहिजे, एवढेच. श्रेय आणि दायित्व या दोन वेगवेगळ्या खतावण्या नव्हेत. एकाच पानाची ती जमा आणि खर्च आहे. हिशेब तपासनिसासमोर नुसती जमेची बाजू नेऊन ठेवण्याचे धाडस आमच्या कचेरीत कोणी करणार नाही.

द्रोणांच्या पटावर नसलेला एक विद्यार्थी राहिलाच. एकलव्याला त्यांनी शिकविले नाही. त्याने मातीची मूर्ती केली आणि तिच्यापुढे तो स्वतःच शिकला. विद्या सिद्ध झाल्यावर मात्र आचार्यांनी गुरुदक्षिणा मागितली. न दिलेल्या शिक्षणाचे मोल वसूल करण्याची ही कथा आपण लहानपणी गुरुभक्तीची म्हणून ऐकतो. मोठेपणी तिचा अर्थ पालटतो. साताऱ्याच्या शाळेच्या नोंदवहीत ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला भिवा रामजी आंबेडकर असे एक नाव आहे. तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो आणि ते योग्यच आहे. पण साताऱ्यास शिकत असता आपल्याला वर्गात इतरांत बसता येत नसे, कोपऱ्यात वेगळे गोणपाट घेऊन बसावे लागे आणि ते गोणपाट रोज घरी घेऊन जावे लागे, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावीत नसे, हे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. ते पान आपण मोठ्या अभिमानाने काचेत ठेवले, तर शेजारी ते गोणपाटही ठेवले पाहिजे. असे घडले की अभिमान नाहीसा होतो असे नाही. त्याची मान तेवढी खाली होते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. माझे एक वरिष्ठ सहकारी आहेत, दक्षिणेकडचे. त्यांच्याशी हे बोलणे निघाले तेव्हा ते म्हणाले की, शाळेच्या दिवाणखान्यातला नावांचा फलक हा माजी विद्यार्थ्यांसाठी नसतोच. तो खाली उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या मुलासाठी असतो. वर पाहून त्याला वाटावे की याच बाकांवर बसून हे झाले, मीही होईन. मला हे मान्य आहे. आमच्या शाळेत असा फलक होता आणि त्याच्याकडे मीही मान वर करून पाहिले आहे. पण त्या मुलाला फलकावरून जे कळते त्यात आणखीही एक गोष्ट असते. फलकावर ज्यांचे नाव नाही ते शाळेत आलेच नव्हते, असे त्याला नकळत वाटू लागते. चाळीस मुलांच्या वर्गातून एक वर जातो. उरलेली एकोणचाळीस कोठे गेली याची नोंद त्या दिवाणखान्यात नसते. आणि शिक्षणाचा खरा खर्च तर त्या एकोणचाळीसांवरच झालेला असतो.

हा रोग केवळ शाळांना आहे असेही नाही. आपल्या परप्रांतीच्या मराठी मंडळांत गणेशोत्सवाच्या व्यासपीठावरून 'आपला मराठी माणूस' म्हणून ज्यांचा उल्लेख होतो ते नेहमी सचिव, सेनाधिकारी, नाही तर कारखानदार असतात. मंडपाच्या कनाती बांधणारा सोलापूरकडचा माणूसही मराठीच बोलत असतो.

राजीव गांधींच्या कारकीर्दीत, १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून, नवोदय विद्यालयांची योजना पुढे आली. पहिली दोन विद्यालये हरियाणातील झज्जर आणि आपल्या अमरावती येथे निघाली. आज अशी साडेसहाशेच्या आसपास विद्यालये देशात आहेत. निवासी, फी न घेणारी, आणि निदान तीन चतुर्थांश जागा खेड्यांतल्या मुलांसाठी राखून ठेवणारी. निवासी शाळेचे सुख ज्याने स्वतः घेतले होते त्याच्याच काळात ते खेड्यातल्या मुलापर्यंत पोचविण्याचा हा प्रयत्न झाला. चांदबागेच्या बाजूने जमेत धरावयाचे झाल्यास, माझ्या मते, पंतप्रधानपदाहून हे अधिक मोठे कलम आहे. त्या विद्यालयांतही परीक्षेने निवडच होते आणि न निवडलेली मुले पुन्हा मागेच राहतात, हे मला ठाऊक आहे; तरी ते कलम मी खोडणार नाही.

आपल्या स्वतःच्या मुलांची गोष्ट यांहून निराळी. १९६३ पासून केंद्र सरकारने आपल्या बदलीच्या नोकरांसाठी ज्या शाळा काढल्या, त्या केंद्रीय विद्यालयांची संख्या आता बाराशेहून अधिक झाली आहे आणि या मासिकाच्या बहुतेक वाचकांची मुले त्यांतच शिकत असतील. माझा मुलगा दुसरीत आहे आणि ही त्याची दुसरी शाळा आहे. बारावीपर्यंत आणखी दोन-तीन तरी होतील. पुस्तके तीच, गणवेश तोच, प्रार्थना तीच. फक्त गाव निराळे, शिक्षक निराळे, आणि शेजारी बसणारा मुलगा निराळा. पुढे त्याचे नाव झालेच तर कोणत्या गावच्या शाळेने त्याला आपले म्हणावे? कोणीच म्हणणार नाही, आणि तो काही झाला नाही तरी कोणत्याच शाळेच्या यादीत त्याची उणीव भासणार नाही. प्रथम मला याचे वाईट वाटे. अलीकडे वाटत नाही. येथील त्याच्या बाईंनी चार महिने खपून त्याचे 'ळ' हे अक्षर सुधारले. हिंदी मुलखातल्या त्या बाई; मराठी त्यांना येत नाही. घरी त्याची मराठीची वही पाहून त्यांनी मला ते अक्षर कसे काढावयाचे हे विचारून घेतले. पुढल्या बदलीनंतर त्यांना त्याचे नावही आठवणार नाही. ते अक्षर मात्र तो आयुष्यभर नीट काढील.

अक्षरावरून मला त्या स्मरणिकेच्या पाकिटाची आठवण होते. पाकीट हाती आले तेव्हा आतल्या पुस्तकाआधी माझे लक्ष वरच्या पत्त्याकडे गेले. ते हस्ताक्षर मी ओळखले. शाळेत चार वर्षे माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाचे ते अक्षर होते. वर्गात सर्वांत सुंदर अक्षर त्याचे. सुविचाराचा फळा नेहमी तोच लिही. नववीत असताना त्याचे वडील वारले आणि त्याने शाळा सोडली. पुढे त्याच शाळेत तो शिपाई म्हणून लागला हे मला गावाहून कळले होते. म्हणजे शाळेचा माजी विद्यार्थी तो आहेच, आणि आमच्यापैकी कोणाहीपेक्षा अधिक काळ तो शाळेत आहे. स्मरणिका मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली. त्याचे नाव कोठेही नव्हते. त्याने त्या साऱ्या नामवंतांचे पत्ते लिहिले, पाकिटे चिकटविली, टपालात टाकली. आणि त्यांत माझे पाकीटही होते. 'केंद्र सरकारात अधिकारी' हे त्याने वाचले असेल काय? वाचले असेल तर तो आनंदला असेल, हे मला अगदी खात्रीने ठाऊक आहे, आणि तेवढ्यासाठीच मला ते सहन होत नाही.

काल रात्री मी मुख्याध्यापकांना पत्र लिहावयास घेतले. मी उच्च श्रेणी लिपिक आहे, अधिकारी नाही, हे पहिल्या दोन ओळींत आटोपले. दुसऱ्या परिच्छेदात, पुढील आवृत्ती निघाल्यास तीत घालावे म्हणून, एक नाव सुचविले आहे. नावापुढे शालान्त परीक्षेचे वर्ष लिहिता आले नाही, कारण ती परीक्षा तो बसला नाही. हुद्द्याच्या जागी काय लिहावे यावर थोडा वेळ गेला. शेवटी जे आहे ते लिहिले. पाकिटावर शाळेचा पत्ता घातला आहे. शाळेत टपाल कोणाच्या हाती पडते ते मला माहीत आहे, आणि माझे अक्षर त्यालाही ओळखू येईल.